एक जुलैला जन्मलेली माणसं

अश्वजित थूलला कोणी विचारलं, "काय करता?" तर तो म्हणे, "कम्प्युटरवर आहे." अकरा वर्षं तो हेच उत्तर देत होता आणि अकरा वर्षं ते अपुरं पडत होतं, कारण पुढचा प्रश्न ठरलेलाच असे. "परमनंट?" मग तो चष्मा पुसायला घेई.

हिंगणघाटात वेणा नदीच्या अलीकडे एका शिक्षण मंडळाचं कॉलेज होतं, त्याच आवारात शाळा आणि वसतिगृह. बी.एस्सी. आणि कम्प्युटरचा डिप्लोमा झालेला अश्वजित १९९७ साली तिथं लागला तो अकरा महिन्यांच्या ऑर्डरवर. अकरा महिने संपले की मंडळ त्याला एक दिवस कामावरून कमी करी आणि दुसऱ्या दिवशी नवी ऑर्डर हातात देई. नोकरी सलग झाली असं कागदावर दिसू नये, एवढ्यासाठी ही युक्ती. त्या दिवसाला सगळे 'ब्रेक' म्हणत. ब्रेकच्या दिवशी अश्वजित कायद्यानं बेकार असे. त्या दिवशीही फोन येई, सर, प्रिंटर अडकला. तो चपला घालून निघे. बायको, नंदिनी, सुरुवातीला चिडायची. पुढं तिनंही सोडून दिलं.

कॉलेजात दहा वर्षांत वेब ॲप्लिकेशनं पाच झाली होती. हजेरीचं एक, रजेचं एक, निकालाचं एक, वसतिगृहाचं एक आणि ग्रंथालयाचं एक. पाचही वेगवेगळ्या वर्षी, वेगवेगळ्या माणसांनी केलेली. ग्रंथालयाचं तेवढं अश्वजितचं स्वतःचं. वसतिगृहाचं तर विद्यार्थ्यांनी शेवटच्या वर्षाचा प्रोजेक्ट म्हणून केलं, मार्क घेतले आणि पुण्याला निघून गेले. प्रत्येकात शिरायला वेगळं नाव, वेगळा पासवर्ड. म्हणजे रजा मागायला एक, मग ती रजा हजेरीत चढली का हे पाहायला दुसरा. प्राध्यापक मंडळी ज्ञानेंद्रियांपासून रसायनांपर्यंत सगळं पाठ म्हणत, पण पासवर्ड पाचातले चार विसरत. अश्वजितचा निम्मा दिवस विसरलेले पासवर्ड नवे करून देण्यात जाई आणि उरलेला निम्मा लोडशेडिंगमध्ये.

२००७ च्या दिवाळीनंतर मंडळाचे सचिव महादेवराव यांनी त्याला बोलावलं. महादेवरावांची कापसाची जिनिंग मिल होती, माणूस मनानं वाईट नव्हता, फक्त त्यांचं प्रत्येक आश्वासन पुढच्या मीटिंगपर्यंतच टिके.

"अश्वजित, मी नागपूरले एका कंपनीत पाह्यलं. एकदा नाव टाकलं का सगळं उघडते. आपलं काऊन असं पाच-पाच जागी?"

"करता येते भाऊ. पण काम मोठं आहे."

"मंग कर ना बापा. अन् वाढदिवस दिसला पाह्यजे वरती. माणसानं उघडलं का शुभेच्छा. बरं वाटते माणसाले." मग त्यांनी आवाज खाली आणला. "हे चालू झालं का जूनच्या सभेत तुया कायमचा ठराव घेतो. अडतीसच्या आत आहे ना तू?"

मंडळाचा नियम होता की अडतीस पुरी झालेल्या माणसाला कायम करता येत नाही. अश्वजित आहे म्हणाला. कागदावर त्याला अडतीस पुरी व्हायला आठ महिने होते आणि दहा वर्षांपुढं आठ महिने ते काय.

तो कामाला लागला. एकदा ओळख पटली की पाचही ठिकाणी ती चालावी, हे सांगायला सोपं. पण ग्रंथालयाचा कम्प्युटर वेगळा, वसतिगृहाचा वेगळा. एका दारातून आत गेलेला माणूस दुसऱ्या दाराला माहीत नसतो. शेवटी त्यानं चिठ्ठीची पद्धत बसवली. सगळ्यांनी आधी एकाच पानावर यायचं, नाव आणि पासवर्ड तिथंच द्यायचा. ते पान माणसाला एक चिठ्ठी देणार, आणि पुढची पाचही दारं ती चिठ्ठी पाहून काही न विचारता आत घेणार. चिठ्ठी खोटी तर नाही, हे प्रत्येक दार मागच्या मागं पहिल्या पानाला विचारून घेणार. एवढं लिहायला त्याचे दोन महिने गेले, आणि ते सोपं काम होतं.

अवघड पुढं होतं. पाच ॲप्लिकेशनांत पाच याद्या, आणि या यादीतला माणूस म्हणजेच त्या यादीतला माणूस, हे ठरवायचं कसं? हजेरीत कर्मचारी क्रमांक, ग्रंथालयात कार्डाचा क्रमांक, वसतिगृहात भलताच क्रमांक. सगळीकडे असलेल्या अशा दोनच गोष्टी सापडत होत्या, नाव आणि जन्मतारीख. नावं कुठं आडनावापासून, कुठं बापाचं नाव गाळून. म्हणून त्यानं भरवसा जन्मतारखेवर ठेवला.

आणि इथंच त्याची पंचाईत झाली. कर्मचारी एकशे शहाऐंशी, त्यातले एकाहत्तर जण एक जुलैला जन्मलेले. वर्धा जिल्ह्यात दर वर्षी एक जुलैला सुइणींना पाणी प्यायला वेळ मिळत नसावा, असं कोणाही परक्याला वाटलं असतं. पण अश्वजित परका नव्हता. जुलैत शाळा उघडायची. मास्तर दारोदार फिरून पोरं गोळा करायचे. पोराची तारीख विचारली तर माय सांगायची, कापूस वेचायला आला होता तेव्हाचा. कापूस काही फॉर्मात लिहिता येत नाही. मग मास्तर एक जुलै टाकत, आणि वर्ष असं टाकत की पोरगं बरोबर सहा वर्षांचं होऊन पहिलीत बसावं. त्यात कोणाचं वाईट करावं असं काही नव्हतं. पोर शाळेत यावं एवढीच इच्छा. ती तारीख पुढं जन्मभर माणसाबरोबर चालेल हे मास्तरांच्या मनातही नसणार.

अश्वजित स्वतः एक जुलैचाच होता. एक जुलै १९७०.

एकाहत्तरांना एकमेकांपासून सोडवण्यात जानेवारी गेला. ते संपलं तेव्हा आणखी एक यादी निघाली, तेवीस जणांची. या तेवीस जणांच्या तारखा एका ॲप्लिकेशनात एक होत्या आणि दुसऱ्यात दुसऱ्या. हजेरीची तारीख ऑफिसनं शाळेच्या दाखल्यावरून चढवलेली. ग्रंथालयाचा नाहीतर वसतिगृहाचा फॉर्म मात्र माणसानं स्वतः भरलेला, आणि स्वतः भरताना माणसानं खरी तारीख लिहिलेली. पाच दारं होती तोवर दोन्ही तारखा सुखानं नांदत होत्या. त्यांनी एकमेकींना पाहिलंच नव्हतं. आता एका माणसाची नोंद एकच होणार होती, आणि एका माणसाला दोनदा जन्मता येत नाही.

तो महादेवरावांकडे गेला. महादेवराव फोनवर रुईच्या भावात गुंतले होते. "तूच ठरव ना," ते म्हणाले. "कम्प्युटर तुया आहे."

फेब्रुवारीतल्या एका दुपारी, लाईट जायला वीस मिनिटं उरली असताना, अश्वजितनं ठरवलं. शाळेचा दाखला खरा, बाकी सगळं खोटं. दाखला सगळ्यांकडे होता, एवढंच त्याचं कारण. तेवीस नावांपुढं त्यानं खालपर्यंत खुणा करत नेल्या. सतरावं नाव त्याचं स्वतःचं होतं. ग्रंथालयाच्या फॉर्मात त्यानं कधीकाळी सप्टेंबर १९७१ लिहिलं होतं. तिथंही खूण केली. लाईट गेली तेव्हा काम झालेलं होतं आणि त्याला बरं वाटलं होतं.

चार दिवसांनी ग्रंथालयाचा शिपाई लहानू ताकसांडे आला. लहानूजी ग्रंथालयात यायच्या आधी वसतिगृहाच्या भोजनगृहात होते. उंच, थोडे वाकलेले, शर्टाची वरची गुंडीही लावलेली. हातात प्लॅस्टिकच्या पिशवीत घडी केलेला कागद.

"सर, ऑफिसात म्हनते का माई तारीख बदलली."

"बदलली नाही लहानूजी. दोन होत्या, एक ठेवली. दाखल्याची."

"ते मास्तरची आहे. माई ही आहे." त्यांनी कागद उलगडला. गावच्या कोतवाल बुकातला उतारा होता. पूर्वी गावात कोण जन्मलं, कोण मेलं ते कोतवाल लिहून ठेवी, त्या वहीची तहसीलातून काढलेली नक्कल. मोडीसारख्या गिचमिड अक्षरात लिहिलं होतं, गोविंदा यास मुलगा झाला. अकरा मार्च १९५०. दाखल्यावर होतं एक जुलै १९४८. लहानूजींना दाखल्याप्रमाणे येत्या तीस जूनला साठ पुरी होऊन घरी बसायचं होतं. कोतवालाप्रमाणे जवळजवळ दोन वर्षं होती.

"पोरीचं एक वर्ष राह्यलं नर्सिंगचं," लहानूजी म्हणाले. "दोन वर्षं भेटली असती तं निभलं असतं. वसतिगृहात हेच लिवलं होतं. तथी तं चालून राह्यलं होतं."

ते खरंच होतं. जुन्या वसतिगृहाच्या यादीत ती तारीख सात वर्षं चालली होती. ऑफिसपुढं दोन तारखा आल्या असत्या तर निदान भांडायला जागा राहिली असती. ती जागा अश्वजितनं एका दुपारी बुजवली होती. त्याला हे कळत होतं. पण यादी पुन्हा उघडायची म्हणजे तेवीसही जण दारात उभे राहणार, मग एकाहत्तर. त्याच्या अंगात तेवढं त्राण नव्हतं.

"एकासाठी बदललं तर सगळ्यांसाठी बदलावं लागन, लहानूजी. मी काय करू? कम्प्युटर एकच मानते."

लहानूजींनी कागदाची घडी पहिल्या घड्यांवरच घातली, पिशवीत ठेवली. "बरं," म्हणाले. त्या 'बरं'मध्ये राग असता तर अश्वजितला सोपं गेलं असतं.

एप्रिलमध्ये एकच लॉगिन सुरू झालं. पहिल्यांदा त्यानं स्वतःचं नाव टाकलं, मग रजेचं पान उघडलं, ग्रंथालयाचं उघडलं, वसतिगृहाचं उघडलं. कोणीच काही विचारलं नाही. सहा महिने ज्याच्यासाठी डोळे फोडले ते असं मुकाट्यानं झालं. त्याला आनंद व्हायला हवा होता. त्याला झोप आली.

मग आठवडाभर एकेका माणसाला बसवून नवा पासवर्ड करून द्यायचा होता. लहानूजी आले तेव्हा त्यांनी विचारलं, "का टाकू?"

"असं काहीतरी टाका, जे दुसऱ्या कोणाले माहीत नाही अन् तुम्ही कधी विसरणार नाही."

लहानूजींनी विचार केला नाही. एका बोटानं, एकेक बटण शोधत, आठ वेळा दाबलं. पडद्यावर आठ चांदण्या उमटल्या. "दिसत नाई का कोनाले?"

"कोणालेच नाही. मलेही नाही." ते खरं होतं. पासवर्ड आत गेला की त्याची अशी काही मोडतोड होऊन साठे, की करणाऱ्यालाही तो परत वाचता येत नसे.

"हे बेस आहे," लहानूजी म्हणाले.

जूनची सभा बावीस तारखेला होती. ठरावाचा मसुदा अश्वजितनंच टाईप केला, कारण टाईप करणारा तोच. 'श्री. अश्वजित थूल यांना कायम करण्यात यावे.' एकोणीसला निरोप आला की अध्यक्षांच्या व्याह्यांच्या गुडघ्याचं नागपूरला ऑपरेशन आहे, म्हणून सभा आता सहा जुलैला. व्याह्यांचा गुडघा म्हटल्यावर कोण काय बोलणार? अश्वजितनं मान डोलावली, जागेवर येऊन बसला आणि मग बोटं मोजली. एक जुलै. सहा जुलै.

तो धावतच महादेवरावांच्या जिनिंगवर गेला. "भाऊ, मी एक तारखेले अडतीस पुरे करतो."

"अरे, पाच दिवसानं का होते?"

"होते भाऊ. नियमात बसत नाही. पण माझी खरी तारीख ही नाही. मी एकाहत्तरचा आहे, सप्टेंबरचा. ग्रंथालयाच्या फॉर्मात होती."

महादेवरावांनी खुर्ची मागं सरकवली. त्यांना खरंच वाईट वाटलं होतं, ते त्यांच्या तोंडावर दिसत होतं. "होती म्हनते ना तू. पह्यले असतं तं तोच फॉर्म लावून देल्ला असता फाईलले, पुढचं पुढं पाह्यलं असतं. आता अध्यक्ष घरी बसून तुयं पान उघडतेत. एकच तारीख, एकच वय, मोठ्या अक्षरात. तूच तं केलं बापा."

तो घरी आला. आई, तानाबाई, ओट्यावर बसून तांदूळ निवडत होती. त्यानं तिला सांगितलं. सांगायचं नव्हतं, पण सांगितलं. तिनं सूप खाली ठेवलं.

"दसऱ्याचा दिवस होता," ती म्हणाली. "तुया बाप दीक्षाभूमीले जायाले निघालता, पिशी भरलती. तू आला म्हनून राह्यला. दुसऱ्या वर्षी मोठा दुष्काळ पडला. मले चांगलं ध्यानात आहे." मग हळू आवाजात, "मीच सांगतलं होतं मास्तरले. पाच वर्साचाबी नोहता तू. म्हटलं बसवून घ्या गुरुजी, मले कामाले जाता येते. तुले घेऊन वावरात कोन उभं करे?"

"तुझं काही चुकलं नाही, आई."

"मंग कोनाचं चुकलं?"

त्यानं सूप उचलून तिच्या मांडीवर दिलं. दसऱ्याची तारीख त्यानं पूर्वीच जुनं पंचांग पाहून काढलेली होती. एकोणतीस सप्टेंबर एकाहत्तर. खऱ्या हिशेबानं त्याला अजून सदतीसही झाली नव्हती.

तीस जूनला दुपारी लहानूजींचा निरोपसमारंभ झाला. शाल, श्रीफळ, प्राचार्यांचं भाषण. भाषणात एकदा त्यांना लक्ष्मणराव म्हटलं गेलं, कोणीतरी दुरुस्त केलं. अश्वजित टाळ्या वाजवून कम्प्युटरच्या खोलीत परत आला. दार ओढून घेतलं. स्वतःची नोंद उघडली.

सगळ्या नोंदींची किल्ली एकट्या त्याच्याकडे होती. जन्मतारखेच्या चौकटीतले आकडे त्यानं खोडले आणि तिथं २९, ०९, १९७१ लिहिलं. आता फक्त खालचं 'जतन करा' दाबायचं होतं. एक बटण. खोटंही नव्हतं ते. उलट तेच एक खरं होतं. कोणी विचारलं असतं तर सांगता आलं असतं की आधी चुकलं होतं. त्याचा हात माऊसवर होता.

"येऊ का सर?"

लहानूजी दारात उभे होते. अंगावर शाल, बगलेत नारळ. त्याला पडदा झाकायला सुचलं नाही.

"ऑफिसातून पाठवलं. म्हने तुमचं कम्प्युटरातलं नाव बंद करून घ्या, मंग कागदावर सही भेटते."

ते आत आले, खुर्चीमागं थांबले. रोज पुस्तकांच्या पाठीवरची नावं वाचणारा माणूस. पडद्यावर काय आहे ते त्यांनी एका नजरेत वाचलं. अश्वजितचं नाव, चौकटीतली तारीख, खालचं बटण.

"मंडळात तुमचं ऐकू आलं मले," लहानूजी म्हणाले. "सहा तारखेचं."

अश्वजितनं मान हलवली.

"करून टाका सर. दाबा. मी कोनाले सांगत नाई."

त्यांच्या बोलण्यात टोमणा नव्हता. असता तर त्यानं दाबलं असतं, चिडून दाबलं असतं. पण लहानूजी मनापासून सांगत होते. घरची चार माणसं, एक नोकरी, पाच दिवसांचा फरक, त्यांना सगळं समजत होतं. ज्याला फेब्रुवारीत याच खुर्चीतून आपण परत पाठवलं तोच आता आपल्याला मोकळीक देतो आहे, हे अश्वजितला सहन होईना. प्रामाणिकपणा वगैरे काही नव्हतं त्यात. त्याला लाज वाटली. त्यानं जतन न करता ते पान बंद केलं. चौकटीत पुन्हा एक जुलै आलं.

"काऊन?" लहानूजींनी विचारलं.

"माझं चुकलं लहानूजी. फेब्रुवारीत. तुमचा कागद खरा होता. मी निदान ऑफिसले तसं लिहून द्यायले पाहिजे होतं. मी थकलो होतो, म्हणून नाही दिलं."

लहानूजींनी नारळ या बगलेतून त्या बगलेत घेतला. "आता का फायदा सर," ते म्हणाले. "पोरीचं पाहून घेऊ कसंबी. बंद करा मायं नाव."

त्यानं त्यांची नोंद काढली. बंद करण्याआधी लहानूजी म्हणाले, "थांबा जराक. मले एकडाव उघडू द्या." अश्वजितनं शेजारच्या कम्प्युटरवर पहिलं पान लावून दिलं. ते खुर्चीच्या टोकावर बसले. नाव टाकलं. मग एका बोटानं, हळूहळू, आणि या वेळी तोंडानं पुटपुटत, "एक. एक. शून्य. तीन. एक. नऊ. पाच. शून्य."

पान उघडलं. हजेरी, रजा, निकाल, वसतिगृह, ग्रंथालय. पाचही दारं मोकळी.

अकरा मार्च पन्नास. अश्वजितच्या लक्षात यायला क्षणभर लागला.

"तुमीच म्हनलं होतं ना," लहानूजी म्हणाले, "दुसऱ्याले माहीत नाई अन् आपन विसरत नाई असं टाका. मले दुसरं का होतं? रोज सकाळी टाकत होतो. वरून तुमची मास्तरवाली, आतून माई." ते उठले. "करा आता बंद."

पूर्वी एक नाव बंद करायला पाच ठिकाणी जावं लागे, अर्धा तास मोडे. आता एकदाच दाबायचं होतं. त्यानं दाबलं. पाचही दारं एकदम लागली, कागदावर सही झाली आणि लहानूजी "येतो सर, जय भीम" म्हणून पायऱ्या उतरून गेले.

दुसऱ्या दिवशी, मंगळवारी, अश्वजित नेहमीच्या वेळेला आला. नाव टाकलं, पासवर्ड टाकला. वर लाल अक्षरात आलं, 'अश्वजित थूल, आपणांस वाढदिवसाच्या हार्दिक शुभेच्छा.' खाली त्याच दिवशी जन्मलेल्यांची यादी. काल एकाहत्तर होते, आज सत्तर. चेष्टा करत चार-पाच जण खोलीत डोकावून गेले, त्यातले तिघे स्वतःच एक जुलैचे. त्यानं सगळ्यांच्या हातात हात दिला.

सहा तारखेच्या सभेत काय होणार ते त्याला माहीत होतं. अकरा महिन्यांची नवी ऑर्डर, त्याआधी एक दिवस ब्रेक, आणि ती ऑर्डरही तोच टाईप करणार. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच त्याला वाटलं की उठून घरी जावं आणि परत येऊ नये. पण हजेरीच्या मॅडमचा फोन आला, पासवर्ड विसरला म्हणून. त्यानं तो नवा करून दिला.

फोन ठेवल्यावर तो आपल्याच पानावर 'पासवर्ड बदला' या ओळीवर गेला. पुढची बटणं त्यानं एका बोटानं, शोधत शोधत दाबली, जणू टायपिंग त्याला येतच नव्हतं. दोन, नऊ, शून्य, नऊ, एक, नऊ, सात, एक. पडद्यावर आठ चांदण्या उमटल्या. त्यानं त्या जतन केल्या.